मार लागलेली पाणसळ

मी पाणसळ बोलतेय. कामावरची माणसं मला लेव्हल म्हणतात आणि मीही त्याच नावाला ओ देते. माझं अंग हातभर लांब, लाकडाचं. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि पोटात काचेची एक बारीक नळी. नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. तो बुडबुडा म्हणजेच मी, असं समजा. बाकीचं सगळं मला सांभाळायला आहे.

मला जग नेहमी पाण्यातून दिसतं. माणसं तरंगत येतात, काहीतरी बोलतात आणि तरंगत निघून जातात. म्हणून माझ्या सांगण्यात थोडी झोप मिसळलेली असेल. तेवढी चालवून घ्या.

एका लांबलचक खोलीत, खिडकीपाशी बसून एका बाईने माझी नळी भरली. काठोकाठ यायच्या जरा आधी ती हात थांबवायची. शेजारची नवी बाई तिला म्हणाली, "अगं, पूर्ण भर की. एवढ्याशात कसला चिकटपणा?" ती हसून म्हणाली, "पूर्ण भरली तर बुडबुडा कुठून येणार? आंधळी होईल ना ती." तिचं ते हसू मला अजून आठवतं. आणि हो, तिने ओतलं ते साधं पाणी नव्हतं, स्पिरिट होतं. म्हणजे मी जन्मापासून प्यायलेलीच. हे आत्ताच सांगून टाकते, उगाच नंतर कुणी टोमणा मारायला नको.

मी एका सुताराच्या पेटीत आले. त्याच्या मामाने त्याला मला दिलं, तो स्वतंत्र कामं घ्यायला लागला त्या दिवशी. मामाही सुतारच. देताना तो म्हणाला, "रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी हिला ठेव, बुडबुडा बघ. मग त्याच जागी हिला टोकाकडून फिरवून ठेव आणि परत बघ. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तरच हिचं ऐक."

"आणि वेगळं आलं तर?"

"तर हिला मार लागलाय. तिला स्वतःला ते कळत नाही, तूच बघायचं."

मला तेव्हा जरा रागच आला. मी काय खोटं बोलणार? पण सुताराने मामाचा शब्द पाळला. रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून तो मला एकदा सुलटं विचारायचा, एकदा उलटं. मग म्हणायचा, "चला बाई, कामाला लागू."

त्याचा हात फार गोड होता. दाराची चौकट बसवताना तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आम्ही दोघांनी किती दारं, किती फळ्या, किती जिने सरळ उभे केले त्याची मोजदाद नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ती एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दुपारी ती जमिनीवर उताणी पडायची आणि मला पोटावर ठेवायची. तिचा श्वास वर गेला की मी एका बाजूला सरकायचे, खाली आला की दुसऱ्या. "बाबा, हा बुडबुडा झोपेत चालतो," ती म्हणायची. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम कोणतं म्हणाल, तर ते.

तिला सगळं विचारायची खोड. मला फिरवून का बघतोस, हेही तिने बापाला विचारलं होतं आणि बापाने तिला सगळं नीट समजावलं होतं. पुढे हे उपयोगी पडणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

आता दारूचं सांगते. ती धाडकन दार उघडून आली असती तर त्याने तिला ओळखलं असतं. पण ती आली पाहुण्यासारखी. आधी मोठं काम संपल्यावर, चारचौघांबरोबर. मग मचाणावरून पडून त्याचा खांदा दुखावला, तेव्हा ठणका थांबावा म्हणून. मग झोप यावी म्हणून. आणि शेवटी शेवटी सकाळी हात थरथरू नये म्हणून. ज्या दारूने हात थरथरत होता, तो स्थिर करायलाही तीच लागायची. पेटीत माझ्या शेजारी रंध्याच्या ढलप्यांखाली तो स्टीलची पाण्याची बाटली लपवायचा. झाकण उघडलं की वास यायचा. माझ्याच घराण्यातला वास, मी काय बोलणार?

बायको आधी रडली, मग भांडली, मग गप्प झाली. तो शपथा घ्यायचा आणि त्या खोट्या नसायच्या. शपथ घेताना त्याचे डोळे मी पाहिलेत. तो अगदी मनापासून म्हणायचा, "उद्यापासून बंद." पण उद्या सकाळी त्याचं अंगच त्याच्याविरुद्ध उभं राहायचं.

याच दिवसांत त्याची सकाळची रीत सुटली. मला फिरवून बघायचं तर मिनिटभर हात स्थिर लागतो. थरथरता हात स्वतःला दिसू नये म्हणून त्याने मला विचारणंच सोडलं.

आणि एका दुपारी त्याच्या हातातून मी शिडीवरून खाली पडले. दणका बसला, नळीपाशी काहीतरी किंचित सरकलं. त्याने मला उचललं, शर्टाला पुसलं आणि पेटीत ठेवलं. मला काही वेगळं वाटलं नाही हो. खरंच सांगते. मला तर मी पहिल्याइतकीच सरळ वाटत होते.

त्यानंतर त्याने भिंगरीसाठी फळी बसवली. खिडकीखाली, भिंतीला, अभ्यास करायला. तिला ती किती दिवसांपासून हवी होती. त्या दिवशी तो निम्मा दिवस प्यायलाच नाही. मला ठेवलं, बुडबुडा मधोमध आणला, स्क्रू आवळले आणि लेकीला हाक मारली.

ती आली आणि आल्या आल्या खिशातली गोटी तिने फळीवर ठेवली. गोटी गडगडत गेली आणि खाली पडली.

"बाबा, ही तिरकी आहे."

"तिरकी कशी असेल? लेव्हल लावून बसवलीय." त्याने मला फळीवर ठेवलं. "हे बघ. मध्ये आहे का नाही?"

मी मध्ये होते. तिने परत गोटी ठेवली, गोटी परत खाली.

"तुझी गोटी वाकडी असेल," तो म्हणाला.

दारात उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, गोटी वाकडी कशी असेल?"

भिंगरी पुढे झाली. तिने मला उचललं, टोकाकडून फिरवलं आणि त्याच जागी ठेवलं. मी घसरत पार कडेला गेले. गोटी एकीकडे पडली होती, मी दुसऱ्या टोकाला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कितीतरी दिवस खोटं बोलतेय. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की नळी फुटून वाहून जावं असं झालं.

पण त्याला लाज वाटली ती रागासारखी. त्याने मला भिरकावलं. मी पेटीवर आपटून लेकीच्या पायाशी पडले, अगदी बोटभर अंतरावर. त्या आठवड्यात बायको लेकीला घेऊन भावाकडे राहायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ही तुम्हाला घाबरायला लागलीय. ते मला चालणार नाही. तुम्ही आधी बरे व्हा."

मग बरेच दिवस मी कोपऱ्यात पडून होते. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत यायचा आणि माझ्यावरून जायचा. अंगावर धूळ साचली. सुतार खाटेवर असायचा किंवा नसायचा. ती तिरकी फळी भिंतीवर तशीच होती, तिच्यावर कुणी काही ठेवत नव्हतं.

एका सकाळी रंगारी आला. जुना सोबती, ज्या घरात याने दारं बसवली त्यांना त्याने रंग दिलेला. तोही एके काळी गळ्यापर्यंत बुडालेला, आता नऊ वर्षं कोरडा. त्याने उपदेश केला नाही. खिडकी उघडली, खाली बसला, मला उचललं, जमिनीवर ठेवलं आणि फिरवून बघितलं.

"मार लागलाय हिला."

"माहीत आहे," सुतार म्हणाला.

"मग रागावलास तर सरळ होईल का?"

"लेव्हल कधी रागावून सरळ होते का?"

"मग स्वतःला एवढ्या शिव्या कशाला घालतोयस? इतके दिवस घालून काय झालं?" रंगाऱ्याने माझ्यावरची धूळ पुसली. "तू वाईट आहेस म्हणून पीत नाहीस. तुला मार लागलाय आणि तुझ्या आतलं सगळं तुला सांगतंय की तू ठीक आहेस. पण दुरुस्तीला जायचं का नाही, ते मात्र तुझ्या हातात. मी सोबत येतो."

सुतार खाटेवरून उठला. मग म्हणाला, "आजपासून बंदच करतो. एकदम."

"एकट्याने एकदम नको. तुझं अंग दारूला सरावलंय, जिवावर बेतेल. आधी डॉक्टर."

पिशवीत कपडे भरताना सुताराने मलाही आत टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यामुळे दवाखान्यातले दिवस मी खाटेखालून पाहिले. घामाने भिजलेल्या चादरी, थडथडणारी खाट, भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकणारा त्याचा हात. डॉक्टरीणबाई रोज यायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "मी एवढा कमजोर कसा हो झालो?"

त्या म्हणाल्या, "कमजोर नाही. इतकी वर्षं दारू मिळाल्यावर मेंदू तिलाच सरळ धरायला लागतो. ती नसली की त्याला सगळं कलल्यासारखं वाटतं. जुनी सवय परत बसायला महिने लागतात. तेवढे महिने माणसांत राहा, एकटे राहू नका."

माणसांत राहायचं म्हणून तो रंगाऱ्याबरोबर, मला पिशवीत घेऊनच, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत जायला लागला. घडीच्या खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल, चहाची किटली. तिथे एक शिक्षिका होती, एक ड्रायव्हर, एक आजोबा. एकेक जण उठून आपलं सांगायचा आणि बाकीचे मधे बोलायचे नाहीत. सुतार तीन आठवडे नुसता चहा प्यायला. चौथ्या आठवड्यात उठला आणि म्हणाला, "मी माझ्या मुलीला म्हणालो, तुझी गोटी वाकडी आहे." एवढंच बोलून तो खाली बसला. कुणी हसलं नाही. आजोबांनी डोळे पुसले.

सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण चौथ्या महिन्यात तो लेकीला भेटायला गेला आणि ती खोलीतून बाहेरच आली नाही. तो परत आला तो तीन दिवस प्यायला. चौथ्या दिवशी मान खाली घालून त्या खोलीच्या दारात उभा राहिला. वाटलं, आता हाकलतील. शिक्षिका म्हणाली, "बसा. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांगा." त्याने सांगितलं. उपाशीपोटी घराबाहेर पडला ती सकाळ, वाटेत रंगाऱ्याला न केलेला फोन, सगळं. सगळे मिळून त्याचा तो दिवस फिरवून फिरवून बघत होते. कुठे सरकलं, ते शोधत होते.

त्यानंतरच्या एका दुपारी त्याने त्याच डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली आणि मला वर घेतलं. नळीवरची पट्टी काढली, आतला स्क्रू सैल केला. मला सरळ करायची एक रीत आहे. दिसते ती सगळी चूक एका फटक्यात काढायची नाही. निम्मी काढायची, फिरवून बघायचं, उरलेल्याची परत निम्मी. त्याचा हात अजून थोडा कापत होता. घाई केली की मी दुसऱ्याच बाजूला जायचे, मग परत पहिल्यापासून. चहा दोनदा गार झाला. शेवटी मी दोन्हीकडून मधे आले, तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मीही रडले असते, पण माझं पाणी बाहेर येत नाही.

फळीला मात्र त्याने हात लावला नाही. ती तशीच तिरकी ठेवली.

आणखी पाच महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, भिंगरी आईबरोबर तिची राहिलेली पुस्तकं न्यायला आली. उंच झाली होती. दारातच थांबली. सुतार पुढे गेला नाही. त्याने लांबूनच मला जमिनीवर ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"फळी नीट करायचीय," तो म्हणाला. "लेव्हल तू धरशील का? माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर नको."

तिने आईकडे बघितलं. मग खाली वाकून मला उचललं, जमिनीवर ठेवलं, फिरवलं, परत ठेवलं. तिच्या श्वासाने माझी काच धूसर झाली. तो श्वास मी लगेच ओळखला.

त्याने स्क्रू सैल केले. ती सांगत गेली, "थोडं वर. अजून. नाही, जास्त झालं. आता बास." शेवटी तिने खिशात हात घातला. गोटी अजून होती. ती फळीवर जराशी हलली आणि थांबली.

मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "बाबा, आज?"

"आज नाही प्यायलो."

"आणि उद्या?"

पूर्वीचा तो असता तर लगेच शपथ घेतली असती. तो म्हणाला, "उद्याचं उद्या सकाळी बघून सांगतो."

आईने पुस्तकं पिशवीत भरली होती. मला वाटलं, आता ती जाणार. पण तिने पुस्तकांतलं एक पुस्तक पिशवीतून काढलं आणि फळीवर ठेवलं.

त्या दोघी परत राहायला यायला आणखी वर्ष गेलं. बायको अजूनही अधूनमधून त्याचा ग्लास हुंगते आणि तो हुंगू देतो. भिंगरी आता शिकायला दूर असते. मी तिच्या फळीवर राहते. पितळ काळवंडलंय, एका टोकाचं लाकूड उललंय.

तुमच्या घरातही कुणी असेल, 'मी ठीक आहे' म्हणणारं. तो खोटं बोलतो असं लगेच समजू नका, कदाचित त्याला खरंच तसं वाटत असेल. त्याला भिरकावू नका, तसाच वापरूही नका. एवढंच मागणं आहे माझं.

रोज सकाळी तो येतो, चहाचा कप बाजूला ठेवतो आणि मला फिरवून बघतो. मग फोन उचलून लेकीला दोनच शब्द सांगतो, "आज नाही." आजही आत्ताच सांगितलं त्याने. मी मधोमध आहे.