खुर्चीत झोपणारा माणूस

“बाटली कुठल्या हातात धरायचे ते?”

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या आल्सीदच्या खुर्चीत बसून तो नट मला विचारत होता.

“कसली बाटली?”

“दारूची. तुमचे यजमान पिऊन याच खुर्चीत झोपायचे ना? डावखुरे होते का, म्हणून विचारतोय. उगाच चूक नको.”

हातातली कॉफीची किटली मी खाली ठेवली. सावकाश ठेवली, नाहीतर त्याच्या टाळक्यात घातली असती.

नट म्हातारा होता, गास्पार नावाचा. बिचारा मनापासून विचारत होता, त्याचा काय दोष. दोष होता त्या टांक्रेदचा. हा दिग्दर्शक पॅरिसचा, तिशीसुद्धा ओलांडली नसेल, ऐन जूनमध्ये गळ्यात मफलर. दोन महिन्यांपूर्वी आमच्या खाणवस्तीत आला आणि विटांच्या घरांची सबंध रांग सोडून त्याला माझंच स्वयंपाकघर आवडलं. पुढच्या दारावर टकटक करत उभा होता. आमच्याकडे पुढचं दार नवरीसाठी उघडतात, नाहीतर शवपेटीसाठी. बाकी सगळे मागच्या अंगणातून येतात. मी खिडकीतून ओरडले, “इथे कोणी मेलेलं नाही, मागून ये!” तो हसला. मला वाटलं, पोरगा बरा आहे. कागदावर सही करून टाकली.

त्याला सगळा सिनेमा एका दमात काढायचा होता. कॅमेरा एकदा सुरू झाला की ब्याऐंशी मिनिटं थांबायचा नाही, मागाहून कुठे कात्री लावायची नाही. गोष्ट एवढीच, की एक मुलगी बारा वर्षांनी माहेरी येते, बसमधून उतरते, गल्लीतून चालत येते, आईशी भांडते, बापाकडे बघते आणि निघून जाते. मी त्यात शेजारीण. चुलीपाशी उभं राहून कॉफी ओतायची, तोंड उघडायचं नाही.

“अभिनय करू नका, मादाम,” टांक्रेद मला म्हणाला होता. “रोज करता तेच करा. मला खरं हवंय.”

खरं हवंय म्हणे!

मी तशीच अंगणात गेले. तो माझ्या कांद्याच्या वाफ्यात पाय देऊन उभा होता.

“माझा नवरा दारुडा होता हे तुला कोणी सांगितलं रे?”

“तुमचे यजमान नाहीत हो, मादाम. तो सिनेमातला बाप आहे.”

“खुर्ची माझ्या नवऱ्याची. अंगातला सदरा माझ्या नवऱ्याचा, परवाच मागून नेलास. मग बाटली तेवढी कोणाची?”

त्यानं सोलेनकडे पाहिलं. सोलेन माझी नात. त्यानं तिला मदतनीस म्हणून कामावर घेतलं होतं.

“सोलेननंच सांगितलं, आजोबा नऊ वर्षं खुर्चीतच झोपायचे, पलंगावर कधी गेलेच नाहीत.”

“मग?”

“मग... माणूस खुर्चीत का झोपतो, मादाम?”

आमच्या गल्लीत पाच वर्षांच्या पोराला विचारा, तो सांगेल माणूस खुर्चीत का झोपतो ते. आडवं झालं की छाती बंद होते म्हणून. एकोणतीस वर्षं आल्सीदनं जमिनीखाली कोळशाची धूळ गिळली. पुढे ती धूळ त्याला गिळत बसली. पाठीला तीन उशा लावून मी त्याला बसता ठेवायचे. ढास लागली की त्याला पुढे ओढायचं, कपाळ माझ्या खांद्यावर टेकवायचं, पाठीवर थापट्या मारायच्या आणि हनुवटीखाली एनॅमलचं पांढरं भांडं धरायचं. त्यात काय पडायचं ते सांगत नाही. शाईसारखं काळं असायचं.

प्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. रविवारी कबुतरांच्या शर्यतीनंतर एक ग्लास बिअर. कबुतर हरलं तर तीसुद्धा अर्धी ठेवायचा.

तो गेला तेव्हा खाणीच्या डॉक्टरनं कागदावर कारण लिहिलं, सिगारेट. आल्सीदनं उभ्या जन्मात सिगारेट ओढली नव्हती. खाणीत काडी पेटवली तर शंभर माणसं जळून जातील, तिथे सगळे तंबाखू चघळतात. मी चार बुकं शिकलेली, एकेक अक्षर लावत वाचते, पण तो शब्द मला वाचता आला. वाचला आणि खाली सही केली. घरात माणसं जमली होती, प्रेत निघायचं होतं, मी गप्प बसले. त्याला अकरा वर्षं झाली. 

“धूळ दाखव,” मी टांक्रेदला म्हणाले.

“धूळ दिसत नाही, मादाम. आणि मला मध्ये थांबून समजावून सांगता येत नाही, सगळं सलग आहे ना. बाटली दिसली की लोकांना लगेच कळतं.”

“काय कळतं? आम्ही सगळे बेवडे, हे?”

सोलेननं मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. “आजी, तोंड आवर ना गं. दोन वर्षांनी काम मिळालंय मला.”

“तू खुर्ची सांगितलीस आणि छाती नाही सांगितलीस?”

“विचारलंच नाही त्यांनी.”

“तेरा वर्षांची होतीस. ते भांडं नळाखाली धुऊन आणायचीस तू.”

ती वळली आणि अंगणात पडलेली वायर गुंडाळायला लागली.

मंगळवारी कॅमेरा गल्लीत शिरला तोच कोणाचा तरी कुत्रा त्यावर धावून गेला. बुधवारी मुलीचं काम करणारी नटी गल्लीतच वाक्य विसरली. दोन्ही दिवस कॅमेरा माझ्या घरापर्यंत आलाच नाही. गुरुवार शेवटचा, शुक्रवारी नटी दुसऱ्या कामावर जाणार होती. दोन दिवस मी तोंडातून शब्द काढला नव्हता. सगळ्यांना वाटलं, म्हातारी निवली.

गुरुवारी दुपारी मी चुलीपाशी उभी राहिले. गास्पार खुर्चीत डोळे मिटून, मांडीवर बाटली. अंगणात पावलं वाजली. मुलगी आत आली, आईशी भांडली. कॅमेरा अंगावर बांधलेला माणूस घामानं निथळत माझ्या शेजारून खुर्चीकडे सरकला. मी सांगितल्याप्रमाणे कॉफी ओतली.

मग किटली खाली ठेवली. खिळ्याला टांगलेलं आल्सीदचं पांढरं भांडं काढलं.

मी गास्पारच्या मांडीवरची बाटली उचलून मोरीत ठेवून दिली. त्याच्या मानेला हात घातला, त्याला पुढे ओढलं, कपाळ खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थापट्या मारायला लागले. तो लाकडासारखा ताठ झाला. चार थापट्या मी लाकडावरच मारल्या. पाचवीला तो खोकला. आधी कोरडा, घशातला. मग खोल छातीतून आला. त्यानं माझ्या कमरेचा एप्रन मुठीत धरला आणि श्वास ओढायला लागला. मी हनुवटीखाली भांडं धरलं.

खिडकीतून टांक्रेद दिसत होता. थांबवायला त्याचा हात वर गेला. थांबवलं असतं तर सबंध सिनेमा गेला असता. हात तसाच हवेत राहिला.

मुलीचं काम करणाऱ्या नटीनं बापाकडे बघून थुंकायचं होतं, तसं लिहिलेलं होतं. ती उभी राहिली, बघत राहिली आणि न थुंकताच मागच्या दारानं निघून गेली. कॅमेरा तिच्या मागे गेला.

सगळं संपल्यावर टांक्रेद धावत आत आला. “काय केलंत तुम्ही हे?”

“रोज करत होते तेच.”

“माझी बाटली—”

“मोरीत आहे. जाताना घेऊन जा.”

तो गास्पारकडे वळला. गास्पार अजून खुर्चीतच होता, छातीवर हात ठेवून. “माझ्याकडे बघू नकोस,” तो म्हणाला. “मला विचारशील तर हे असंच राहू दे.”

टांक्रेद गेला. माझ्या कांद्याला वळसा घालून गेला, एवढं मी पाहिलं.

सोलेननं माझ्या हातातलं भांडं घेतलं. त्यात काहीच पडलं नव्हतं. तरी तिनं ते नळाखाली धरलं, कडेपासून तळापर्यंत घासलं, दोनदा विसळलं आणि खिळ्याला लावलं. अकरा वर्षं ते तिथे कोरडं लटकत होतं. आता त्यातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं.

मी ते पुसलं नाही.