वजन निवेपर्यंत

हातात धरलेलं वजन तराजूवर ठेवलं की ते किंचित हलकं भरतं. फरक इतका बारीक असतो की भाजीवाल्याच्या काट्यावर तो कधीच दिसणार नाही. पण वजनमापं तपासायच्या खोलीत दिसतो. हाताच्या उबेने धातू तापतो, त्याच्याभोवतीची हवा वर चढते आणि पारड्याला जरासं उचलून धरते. म्हणून तिथे वजन चिमट्याने उचलतात, तराजूच्या काचेच्या पेटीत ठेवतात, दार लावतात आणि ते निवेपर्यंत दुसरं काम करतात. स्थिरावलं का, स्थिरावलं का, म्हणून सारखं दार उघडून पाहिलं, तर आकडा हलतच राहतो.

त्या खोलीत नव्याने कामाला लागलेल्या मुलींना हे तीच शिकवायची. त्या दिवशी मात्र तिने मुख्य वजन, ज्याच्याशी बाकीची सगळी ताडून पाहतात ते, सरळ उघड्या बोटांनी उचललं.

शेजारच्या टेबलावरून मोठ्या बाईंनी पाहिलं. त्या खोलीत त्यांच्याइतकं जुनं दुसरं कुणी नव्हतं.

"अगं, शेंगदाणे आहेत का ते?"

तिने बोटांकडे पाहिलं, मग वजनाकडे. "झोप नाही झाली."

"कधीपासून?"

"सहावा लागल्यापासून."

"दवाखान्यात सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? पोटुशी बाईला झोप नसतेच."

"मला यायची. चहा ढवळता ढवळता यायची." मोठ्या बाईंनी चिमट्याने ते वजन उचलून बाजूला ठेवलं. "याला आता पुसून पुन्हा तपासायला हवं. तूही दवाखान्यात जाऊन ये."

मोठ्या बाईंना एक गोष्ट माहीत नव्हती. पहिल्या मुलीच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. आधी झोप गेली, मग मुलगी आली आणि मग बाकीचं सगळं गेलं. ती मुलीला न्हाऊ घालायची, पाजायची, दुपटी बदलायची. कशात चूक नसायची. पण हे काम दुसऱ्याच कुणाचं आहे आणि आपण बदलीवर आलोय, असं वाटायचं. मुलगी हसली, की 'ती हसली' एवढं फक्त कळायचं. घरात त्याला अशक्तपणा म्हणत आणि गोळ्या देत. पुढे ते हळूहळू ओसरलं. मुलगी आता सारखी गुणगुणत घरभर फिरायची, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत, आणि आईला ती जिवापाड आवडायची. तरीही आपल्याला तेव्हा काय झालं होतं, हे आईने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी वेगळं करायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पुढची वेळ येऊन सातवा महिना लागला, तरी ते ठरवणं मनातच होतं.

दवाखान्यातल्या नर्सने तिला झोपेच्या बाईंकडे पाठवलं. त्या मानसतज्ज्ञ होत्या, पण नर्सपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना असंच म्हणत. त्यांच्या खोलीत खुर्च्या होत्या, पलंग नव्हता.

"पलंगावर काय काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"सगळंच. आई आल्यापासून जेवणसुद्धा तिथेच होतं. कामावरून आले की आडवं व्हायचं. रात्री आई शेजारी झोपते. मी कूस बदलली की विचारते, झोप लागली का?"

"मग काय सांगता?"

"लागली होती."

बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं ते सोपं होतं, पण उलटं वाटत होतं. पलंग झोपेपुरताच ठेवायचा. डोळे जड झाल्याशिवाय त्याच्याकडे जायचं नाही. झोप येईना झाली की उठून बाहेर खुर्चीत बसायचं, पुन्हा पेंग आली की परत जायचं. सकाळी उठायची वेळ रोज तीच. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. काळज्या करायच्याच असतील तर त्या संध्याकाळी, खुर्चीत बसून.

"घरी म्हणतात, पडून राहा, येईल आपोआप."

"तशी आली असती तर मला ही नोकरी मिळाली नसती."

तेव्हा तिने जे विचारायला ती आली होती ते विचारलं. आधी भुंगीच्या वेळचं सगळं सांगावं लागलं. ते तोंडातून बाहेर पडताना तिला दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकतोय असं वाटलं.

"ते परत येईल का?"

"येणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता झोप सावरली तर ते येण्याची शक्यता कमी होते, एवढं म्हणू शकते. आणि आलंच, तर या वेळी आपण ते लवकर ओळखू आणि उपचार करू. बाळ आल्यावर रात्रीच्या झोपेचा एक सलग तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवा. कोण काय करणार, ते आधीच ठरवा."

"ठरवलंय मी."

"घरी माहीत आहे?"

तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

घरी पलंगावरचं ताट टेबलावर आलं, तेव्हा आईला ते लागलं.

"झोप यावी म्हणून उठून बसायचं? हे कुठलं औषध?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आई, लिफ्ट अडकली की आम्हीही आधी बंद करतो, मगच चालू करतो."

"माझी लेक लिफ्ट आहे का हो, जावईबापू?"

तरी आईने आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. पहिल्या आठवड्यात ती बंद दाराबाहेरून विचारायची, "लागली का गं?" मग तेही कमी झालं. लेकीचं रात्री खुर्चीत बसणं आधी वाढलं, नंतर घटलं. कामाच्या खोलीत चिमटा पुन्हा हातात नीट बसू लागला. एका सकाळी भुंगीने तिला हलवून उठवलं, आणि उठवावं लागलं याचंच तिला नवल वाटलं.

सुट्टीच्या दुपारी भुंगी खाली खेळायला गेली होती. नवरा खिडकीच्या बिजागरीचे स्क्रू पिळत होता. ती आणि आई जमिनीवर बसून भुंगीची जुनी दुपटी घड्या घालून ठेवत होत्या.

"बाळ आलं की मी परत तुझ्याशेजारी," आई म्हणाली. "जावईबापू बाहेरच्या खोलीत. त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. बाळ रडलं की मी तुला उठवत जाईन. मागच्या वेळी तुझ्या बाबांचं ऑपरेशन नसतं ना, तर तुझे असे हाल झाले नसते. मी असते तर तुला इतका अशक्तपणा आलाच नसता."

"मला कसंही चालेल," नवरा म्हणाला.

मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. आणि तीही.

तिने हातातलं दुपटं मांडीवर ठेवलं. आई काहीतरी विचारणार होती, पण लेकीचा चेहरा पाहून थांबली. नवऱ्याचा हात पेचकसावर राहिला. खालून मुलांचा आवाज येत होता. तिला कुणी घाई केली नाही, म्हणून शब्द नीट जागेवर यायला वेळ मिळाला.

"मागच्या वेळी तो अशक्तपणा नव्हता," ती म्हणाली. "मी आजारी होते. भुंगी रडायची आणि मला काहीच वाटायचं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. या वेळी रात्रीचं पाजून झालं की मी आतल्या खोलीत एकटी झोपणार. पहाटेपर्यंत बाळ तुम्हा दोघांकडे. दूध मी काढून ठेवीन, ते बाटलीने द्यायचं. मला उठवायचं नाही, आणि झोप लागली का, हे दाराबाहेरून विचारायचंही नाही."