सहाशे बारा दुआ

“हे तुम्हीच लिहिलंय ना, मिस इन्शिराह?”

दवाखान्याच्या कायदा विभागातल्या मिधतबेंनी कागद पुढे सरकवला. तिची फेसबुकवरची पोस्ट. रंगीत छापलेली, दोन ओळींवर पिवळा पट्टा ओढलेला.

“मीच लिहिलंय. माणूस गेलं की कळवायचं असतं ना, मिधतबे? कळवलं.”

“कळवा की! नाही कोण म्हणतंय? राविया गेली, जनाज़्याची नमाज दुपारच्या अस्रनंतर, दुआ करा. संपलं. ‘सलग तिसरी पाळी करताना, ड्युटीवर गेली’, हे कुणी सांगितलं होतं कळवायला?”

“मग कुठे गेली म्हणू? लग्नाच्या वरातीत?”

मिधतबेंना हसू आलं, ते त्यांनी खोकून गिळलं. ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. सोशल मीडिया वापराचे नियम, कलम सात. संस्थेची प्रतिमा मलिन होईल असं काही कर्मचाऱ्यानं लिहायचं नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं आवडलं म्हणायचं नाही. खाली तिची सही.

सही तिचीच होती. जानेवारीत सगळ्या वॉर्डाला एकदम धरून घेतलेली. कागदावर चहाच्या ग्लासाचा गोल डागही होता.

“नोंदवहीप्रमाणे रावियाची पाळी पहाटेच संपली होती,” मिधतबे हळू म्हणाले. “ती आपल्या मनानं थांबली होती.”

इन्शिराह नर्स होती. अठ्ठावीस वर्षं झिफ्ता शहरातल्या याच दवाखान्यात. नातवंडं झाली तरी पेशंट तिला ‘मिस’च म्हणायचे. त्या दिवशी सकाळी आठ वाजता तिच्यासोबतची नर्स राविया औषधांची ट्रॉली धरून खाली बसली ती उठलीच नाही. इन्शिराहनंच तिची छाती दाबली होती, एक बरगडी मोडेपर्यंत. त्याच हातांनी दुपारी पोस्ट लिहिली. आपल्या मनानं थांबली होती म्हणे!

“तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय?”

“एक वर्ष सात महिने.”

“मग? तेवढे शब्द काढा आणि इथं सही करा. मलाही वर उत्तर द्यायचंय हो, मिस. मी काय मालक आहे?”

तिनं सही केली. खात्री न केलेली माहिती पसरवल्याबद्दल दिलगीर आहे, असं वर लिहिलेलं होतं. मग जिन्यात येऊन फोन काढला. पोस्टखाली सहाशे बारा माणसांनी दुआ लिहिल्या होत्या. पेशंटांनी, त्यांच्या सुनांनी, कुवेतला गेलेल्या कुणाकुणाच्या पोरांनी. दवाखान्यातलं मात्र एकही नाव नव्हतं. काल त्यांनी दाबलेले नऊ-दहा रडके चेहरे होते, आज तेही कुणी ठेवले नव्हते.

तिला ते शब्द काढायचे होते. ‘काढून टाका’ असं दिसलं तिथं तिनं बोट ठेवलं. ‘नक्की ना?’ असं फोननं विचारलं. एवढ्या-तेवढ्याला किती विचारतात मेले, असं मनात म्हणत तिनं ‘हो’ दाबलं.

सगळंच गेलं.

तिनं खाली-वर सरकवून पाहिलं. फोन बंद करून चालू केला. शेवटी वॉर्डातल्या बुसैनाला दाखवला.

“अगं बाई, डिलीट केलंस की तू! शब्द बदलायचं ते वेगळं असतं.”

“आता कसं आणायचं?”

“नाही येत. जाऊ दे, सुटलीस एकदाची.”

“आणि तू? तुझा रडका चेहरा होता ना काल?”

बुसैना सलाईनची बाटली उन्हात धरून बुडबुडे बघत राहिली. “माझी तीन लेकरं आहेत, इन्शिराह,” एवढंच म्हणाली.

मिधतबे तर खूश झाले. “हे तर उत्तमच केलंत!”

मौतीच्या चाळिसाव्या दिवशी ती रावियाच्या घरी गेली. बायका कुराण ऐकून, बिनसाखरेची कॉफी पिऊन उठत होत्या. रावियाची म्हातारी आई, हाजा फहीमा, तिचा हात धरून बसली.

“तू आलीस, बरं झालं. ही हनादी मला रोज अस्रनंतर वाचून दाखवायची. लोकांनी माझ्या पोरीला लिहिलंय ते. तिनं एक नाव वाचलं की मी आमीन म्हणायची, एक मणी ओढायची. चार दिवस झाले नि थांबलं. नेट गेलंय म्हणते. महिन्याहून जास्त झालं, बाई. असलं कसलं नेट?”

सून हनादी कॉफीचे कप गोळा करत होती. तिनं मान वर केली, इन्शिराहकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कप उचलायला लागली. पोस्ट काढून टाकल्याचं तिला माहीत होतं.

“तुझ्या फोनवर असेल ना? तूच तर लिहिलंस. वाच की.”

इन्शिराहनं पर्समधून फोन काढला. काळ्या काचेत तिला स्वतःची हनुवटी दिसली. तिनं फोन थोडा तिरका धरला.

“ती कपडे शिवणारी. म्हणते, अल्लाह तिची कबर रुंद करो.”

“आमीन.” मणी सरकला.

“बुसैना, आमच्या वॉर्डातली. म्हणते, टिकणारा एक अल्लाहच.”

“आमीन. ती माझ्या रावियाची मैत्रीणच.”

मग तिनं सगळा वॉर्ड वाचला. एक्स-रेवाला शुक्री, धोबीखान्यातल्या दोघी, लिफ्टवाला. नाव घ्यायचं आणि त्याच्या तोंडात दुआ घालायची. हनादी ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली.

“आणि तुमच्या मोठ्या साहेबांनी?” म्हातारीनं विचारलं. “त्यांनी काही लिहिलं का गं?”

इन्शिराहचा अंगठा काचेवर थांबला.

“लिहिलंय ना, खाला. इथं खाली आहे.”

“काय लिहिलंय?”

“राविया सलग तिसरी पाळी करत होती. ड्युटीवर गेली.”

म्हातारी आमीन म्हणाली नाही. माळ तिनं मुठीत धरली.

“पुन्हा वाच,” म्हणाली.

इन्शिराहनं काळी काच डोळ्यांजवळ नेली आणि पुन्हा वाचलं.