बोनेटखालचं दुसरं कुणीतरी

मी मसल कार बोलतेय. म्हणजे, एके काळची.

आमची ओळख सोपी. अंग बेताचं, दारं दोन, जोर मागच्या चाकांचा आणि बोनेटखाली अंगाला न शोभेल एवढं मोठं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. अमेरिकेत आम्हाला तरुण पोरांच्या खिशाला झेपेल असं बनवलं. मी मात्र बोटीनं एका इंजिनिअर साहेबाबरोबर इकडे आले आणि साहेब परत जाताना त्याच्या ड्रायव्हरला, राहात्याच्या इसहाकला, मिळाले.

दर नाताळला इसहाक मला चर्चला न्यायचा. किल्ली फिरवायच्या आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. मग मी गुरगुरले की अख्ख्या गल्लीला कळायचं, इसहाक निघाला.

त्याच्या मुलाला, डॅनीला, बाळ झालं. सून एंजेला शिकलेली, पण भारी घाबरट. माझ्या आवाजानं बाळ दचकायचं. खरं तर बाळापेक्षा तीच जास्त.

"एवढं इंजिन करायचंय काय आपल्याला?" ती डॅनीला म्हणाली.

"पप्पांना विचारलंस?"

"सांगू की नंतर."

सूर्यभान मेकॅनिकनं माझं इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. "वहिनी, आता लई गरीब चालंल बघा."

चाललेही तशीच. सांगायचं मात्र राहून गेलं. इसहाक तेव्हा बहिणीकडे गेला होता; महिन्याभरात तिकडेच त्याला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवा. एंजेलानं सासऱ्याची खुर्ची अंगणात आणली, त्याचा हात माझ्या बोनेटवर ठेवला आणि किल्ली फिरवली. माझा आवाज बदललाय हे ठाऊक असून मनात काय धरून बसली होती, कोण जाणे. मी जीव तोडून प्रयत्न केला. टकटक, टकटक.

इसहाकनं बराच वेळ ऐकलं. हात काढून घेतला.

"टेम्पो... कुणाचा आला?"

"पप्पा बोलले," डॅनी आत ओरडत गेला. एंजेलानं किल्ली उलटी फिरवून मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन ती सूर्यभानकडे गेली. परतल्यावर डॅनीला सांगताना मी ऐकलं. माझं जुनं इंजिन अजून आहे, त्याच्या शेडमध्ये, बारदानाखाली. सूर्यभान म्हणाला, "जाम झालंय, वहिनी. बगतो, पर शब्द न्हाई देत."

मला रस्ता नको, वेग नको. एकदाच त्या तळहाताखाली गुरगुरू द्या. आणि तोवर इसहाकला एवढं सांगू नका, की तो टेम्पो मीच होते.