सर्व्हरबाईंची रजा

चार वर्षांत सर्व्हरबाईंनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती, आणि याचा त्यांना थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे त्या कबूल करत त्याहून बराच जास्त. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी बनवणारा तो कारखाना. तिथल्या दोनशे चौदा माणसांचे मेलबॉक्स एकाच सर्व्हरवर होते, आणि तो सर्व्हर दुसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या थंडगार खोलीत बाईंच्या ताब्यात होता. ऑर्डरी मेलवर येत, नळ्यांची मापं मेलवर येत, आणि फुटक्या मालाच्या तक्रारी तर मेलशिवाय दुसऱ्या वाटेने येतच नसत. बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी जग त्यांना सर्व्हरबाई म्हणे, आणि त्याही फोन उचलून "सर्व्हरबाई बोलतेय" असंच म्हणत.

पण या वेळी रजा हवीच होती, तीही तीन आठवड्यांची. धाकट्या बहिणीचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे माहेर म्हणजे बाईच. पहिल्या वेळीही त्या गेल्या होत्या. पण ऐन वेळी कारखान्यातून मेल बंद पडल्याचा फोन आला आणि धाकटी आत कळा सोसत असताना बाई हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, "हिरवं बटण दाबा, ते नाही, त्याच्या खालचं," असं कुणालातरी समजावत राहिल्या. भाचीचा पहिला आवाज त्यांनी ऐकला तो एका कानाने, दुसऱ्या कानाला फोन होता. धाकटीने त्यावरून कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. या खेपेला त्यांनी तिला शब्द दिला होता, की कारखाना बुडाला तरी मी तुझ्या उशाशी असेन.

कारखान्याचे मॅनेजर, म्हणजे साहेब, हा मनाने चांगला माणूस होता, फक्त भित्रा. रजेचा अर्ज त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मधेच मेल गेला तर काय करायचं, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. बाईंनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. रोज रात्री बॅकअप होतो, रोज सकाळी तो यशस्वी झाल्याचा रिपोर्ट येतो, शिवाय दर महिन्याला बॅकअपमधला डेटाबेस शेजारच्या रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर करून, म्हणजे परत उभा करून, मी तपासते.

"तुम्ही तपासता," साहेब म्हणाले. "आणि तुम्हीच नसाल. मग?"

साहेबांनीच अट घातली, आणि मानलं पाहिजे, की अट चोख होती. यातलं ज्याला ओ की ठो कळत नाही अशा माणसाने, बाईंनी लिहून ठेवलेल्या कागदावरून, सगळा मेल त्या रिकाम्या सर्व्हरवर उभा करून दाखवायचा. बाईंनी खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. शनिवारी दुपारी हे जमलं तर रविवारी खुशाल गाडीत बसा. नाही जमलं तर रजेचं पुढे बघू. साहेबांचं "पुढे बघू" म्हणजे काय, हे कारखान्यात फाटकावरच्या माणसापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. पॅकिंगकाका निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कॉम्प्युटरकडे लांबून बघणारे, आणि मेलला उत्तर द्यायचं म्हटलं की जिना चढून प्रत्यक्ष सांगायला येणारे. पण हाताने इतके जपून काम करणारे, की एखादा फ्लास्क वाटेत तडकला तर काकांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

बाईंनी आठवडाभर कागद लिहिला. चार पानं झाली, सतरा पायऱ्या. आपले हात न सांगता करतात ते शब्दांत मांडताना त्यांना घाम फुटला. डेटाबेस ही एक मोठी वही समजा, असं त्यांनी लिहिलं, आणि लॉग म्हणजे त्या वहीत अजून उतरवायच्या राहिलेल्या चिठ्ठ्या. आधी बॅकअपमधून वही आणायची, मग चिठ्ठ्या क्रमाने तिच्यात उतरवायच्या. त्याआधी वही उघडायला गेलात तर ती उघडणार नाही, आणि ते तिचं बरोबरच आहे.

शनिवारी दोन वाजता काकांनी चष्मा पुसला, कानामागची पेन्सिल काढली आणि खुर्ची पुढे ओढली. बाई स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण हातांवर त्यांचा भरवसा नव्हता. साहेब दारात उभे राहिले. काका प्रत्येक पायरी दोनदा वाचत, एकदा करत आणि मग तिच्यापुढे बरोबरची खूण करत. सहाव्या पायरीला पडदा चार मिनिटं काळा झाला, तेव्हा त्यांनी मान वळवून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांत दिसला तसे तेही शांत झाले. चिठ्ठ्या उतरल्या. वही उघडली. सव्वातीनला काका सतराव्या पायरीवर आले. तिथे लिहिलं होतं: आपला मेलबॉक्स उघडून पाहा, जुने मेल दिसले की काम झालं.

काकांनी एका बोटाने आपलं नाव टाकलं. असा मेलबॉक्स नाही, असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा टाकलं, या वेळी अक्षर अक्षर उच्चारत. पुन्हा तेच.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," काका ओशाळून म्हणाले. साहेबांनाही ते लगेच पटलं. त्यांनी पुढे होऊन स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर मेलबॉक्स झटक्यात उघडला, अकरा वर्षांच्या मेलसकट. साहेबांचा जीव भांड्यात पडला. काकांच्या टायपिंगचं काही मनावर घेऊ नका, ते म्हणाले, आमच्या दृष्टीने झालं हे काम, बाई, तुम्ही उद्या निघा.

बाई मात्र स्टुलावर थिजून बसल्या होत्या. काय झालंय ते त्यांना एका क्षणात कळलं होतं. पाच महिन्यांपूर्वी जुना डेटाबेस फार फुगला म्हणून त्यांनीच दुसरा तयार केला होता आणि पॅकिंग, स्टोअर आणि फाटक मिळून एकतीस मेलबॉक्स तिकडे हलवले होते. बॅकअपच्या यादीत त्या नव्या डेटाबेसपुढे खूण करायची मात्र राहून गेली. रोज सकाळी येणारा रिपोर्ट खोटा नव्हता. जे सांगितलं होतं ते रोज रात्री यशस्वीच होत होतं. आणि दर महिन्याला तपासताना त्या शेवटी कुणाचा मेलबॉक्स उघडत? आपला. तो जुन्या डेटाबेसमध्ये मजेत बसलेला होता. पाच महिने त्यांनी स्वतःलाच बघून सगळं ठीक असल्याचं ठरवलं होतं.

गप्प राहणं सोपं होतं. साहेबांनी हो म्हटलं होतं, तिकीट पर्समध्ये होतं, नव्या डेटाबेसपुढची खूण पाच मिनिटांत कुणाला न कळता करता आली असती. बाईंच्या मनात हे येऊन गेलं, आलं नाही असं नाही. पण काका अजून आपल्याच बोटाकडे संशयाने बघत होते, आणि ते त्यांच्याने बघवेना.

"काकांचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. त्यांच्या मेलचा पाच महिने बॅकअपच नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. साहेब खुर्चीत बसले. रजेचं नाव त्यांनी काढायच्या आत बाईंनीच काढलं आणि त्या म्हणाल्या, पुढे बघू. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी धाकटीला फोन लावला, जरा अडचण आलीय, उद्याचं काही खरं दिसत नाही. पलीकडून फक्त "बरं" आलं. तसलं बरं, ज्यात माणूस आधीच तयारीत असतं. बाईंना तिथेच उभं राहून रडावंसं वाटलं.

काका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, राहिलेला बॅकअप आत्ता घेतला तर किती वेळ लागेल. अडीच तास, बाई म्हणाल्या. तुमची गाडी कधी? उद्या दीडला.

"मग उद्या आठला मी येतो आणि परत करून दाखवतो."

"काका, उद्या रविवार आहे. आणि साहेब काय म्हणतील?"

"साहेबांना मी बघतो. आमच्याकडे भरलेली पेटी फुटली तर आम्ही ती परत भरतो, बाई. माल पाठवायचा रद्द नाही करत."

त्या संध्याकाळी बाईंनी नव्या डेटाबेसपुढे खूण केली, बॅकअप घेतला आणि सतरावी पायरी खोडून नव्याने लिहिली: दोन्ही डेटाबेसमधल्या एकेका माणसाचा मेलबॉक्स उघडून पाहा, आणि त्यात तुमचा स्वतःचा नको.

रविवारी आठला काका हजर. साहेबही आले, जरा कुरकुरत, पण आले. बाई सवयीने स्टूल ओढायला गेल्या तर काकांनी त्यांना बाहेर काढलं. तुम्ही समोर असलात की मी कागदाकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघतो, ते म्हणाले, आणि तुमचं तोंड काही गाडीने गेल्यावर इथे असणार नाही. दार लागलं. बाई व्हरांड्यात पाऊण तास बसल्या, मग पाऊण तास फेऱ्या घातल्या. काल बोलायला मनाई होती, पण निदान दिसत तरी होतं. पावणेदहाला दार उघडलं. काकांनी चारही पानं त्यांच्या हातात दिली. सतरा बरोबरच्या खुणा, आणि समासात पेन्सिलीने काकांचं अक्षर. सहाव्या पायरीशी लिहिलं होतं: "इथे पडदा काळा होतो. चार मिनिटं. घाबरायचं नाही, पाणी पिऊन यायचं." बाईंनी चार वर्षांत इतकी उपयोगी सूचना लिहिली नव्हती.

साहेबांनी अर्जावर सही केली. बाईंनी दीडची गाडी पकडली, धावतपळत, पण पकडली.

धाकटीच्या घरी तीन दिवस सुखात गेले. बाईंनी भाचीचे केस विंचरले, तिला चिडवलं, तिच्याकडून चिडवून घेतलं, आणि धाकटीच्या नवऱ्याचे कपाट लावण्याचे प्रयत्न मोडून काढले. फोन मात्र वाजेना. पहिला दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी जरा रागच आला. गुरुवारी पहाटे धाकटीच्या पोटात दुखायला लागलं आणि मग फोन पिशवीत कुठे गेला याची बाईंना शुद्ध राहिली नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी मुलगा झाला. बाई तिथेच होत्या. धाकटीची नखं त्यांच्या मनगटात रुतली होती आणि बाई, पोर रडायच्या आधीच, हमसून रडत होत्या. नर्सने त्यांनाच आधी पाणी दिलं.

शनिवारी, घरी आल्यावर, बाळ झोपलेलं बघून त्यांनी शेवटी स्वतःच कारखान्यात फोन लावला. उगीच आपलं विचारावं म्हणून, असं त्या स्वतःला म्हणाल्या. फोन काकांनी घेतला. आधी बाळाची चौकशी झाली, वजन झालं, कुणावर गेलाय ते झालं. मग बाईंनी विचारलं, मेल कसा आहे.

"आता छान आहे," काका म्हणाले. "गुरुवारी गेला होता."

"गेला म्हणजे?"

"डिस्क गेली. सकाळी नऊला. साडेअकराला परत चालू झाला. साहेब कागद वाचत होते, मी करत होतो. लॉग वेगळ्या डिस्कवर होते ना, तुम्ही लिहिलंय तसं, म्हणून त्या सकाळचे मेलसुद्धा आले. एकही गेला नाही."

मला फोन का नाही केलात, असं बाईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज त्यांनाच जरा लहान मुलासारखा वाटला.

"साहेब करणार होते. मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला," काका म्हणाले. "कागदावर सगळं होतं की, बाई. तुम्हाला कशाला उठवायचं तिथून?"

बाईंनी फोन ठेवला. आपल्यावाचून त्या खोलीचं पान हलत नाही या समजावर त्यांनी चार वर्षं काढली होती, आणि ते पान गुरुवारी अडीच तासांत हललं होतं. काळजात एक बारीकशी कळ आली. ती आली तशी गेली, आणि तिच्या जागी जे वाटलं ते इतकं हलकं होतं की त्यांना हसू फुटलं.

"कुणाचा फोन?" आतून धाकटीने विचारलं.

"ऑफिसचा."

धाकटी उशीवरून जराशी उठली. "जावं लागणार का, ताई?"

"नाही गं," बाई आत येत म्हणाल्या. "गुरुवारी मेल बंद पडला होता. दहा वीसला, हा जन्मला तेव्हा, बंदच होता. मला आज कळतंय."

धाकटीने बाळ उचललं आणि ताईच्या दोन्ही हातांत दिलं.