कोपरापर्यंत प्रश्न

भिंगरी जन्मली तेव्हा म्हणे नर्सनं वजन लिहायला मान खाली घातली, तेवढ्यात ही बया शेजारच्या वॉर्डात चक्कर मारून परत पाळण्यात! खोटं वाटत असेल तर त्या नर्सला विचारा, अजून धापा टाकतेय.

चौदाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी या पळापळीचं नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणजे डोकं घोड्यावर आणि लगाम घरी विसरलेला. सकाळची गोळी सुरू झाली. वर बाई म्हणाल्या, "सुट्टीत हिला रानातल्या एखाद्या उपचार-शिबिराला पाठवा. पण नीट बघून."

तिची आई कपडे शिवायची. कुठलाही कपडा आधी उलटा करून शिवण बघायची, मगच बोलायची. अशी बाई, पण गेल्या वर्षी गुळगुळीत माहितीपत्रकाला भुलली. त्या शिबिरात नुसत्या शिट्ट्या, आणि गोळी द्यायलाच विसरले. तिसऱ्या दिवशी लेक घरी, डोळे सुजलेले. नंतर आठवडाभर आईशी एक शब्द बोलली नाही. भिंगरी, आणि गप्प! भिंतीवरचं घड्याळसुद्धा घाबरून हळू चालायला लागलं.

म्हणून यंदा ठरलं. आईनं उलटं करून बघायचं, शेवटचा शब्द लेकीचा.

पहिल्या ठिकाणचे साहेब म्हणाले, "आमच्या हवेत गोळ्या लागतच नाहीत."

"मग तुमचा चष्मा काढा की साहेब. हवाच वाचून दाखवेल," म्हणत आई उठली.

दुसरीकडे तिथल्या मुलांशी बोलूच देईनात. मायलेकी पाणीही न पिता निघाल्या.

तिसरीकडे तंबूंना ठिगळं. आई थेट मागच्या बाजूला. पातेली बघितली, संडासाच्या कड्या लावून बघितल्या, औषधांचं कपाट उघडा म्हणाली. तिथल्या नर्सनं गळ्यातली किल्ली काढली. आत प्रत्येकाच्या नावाची डबी, आणि वहीत वेळ अन् सही.

"डॉक्टरांची चिठ्ठी आणा," नर्स म्हणाली. "गोळीच्या बाबतीत मी स्वतःचं डोकं चालवत नाही."

आईनं एक ठिगळ ओढून बघितलं. हललं नाही. "कुणी शिवलं?"

"मुलांनीच. तीनदा उसवून."

आईच्या तोंडून 'वा' निघून गेलं. शिवणीच्या बाबतीत ती हा शब्द वर्षातून एकदाच वापरायची.

मग शिबिराच्या मुख्य बाई आल्या. सगळे त्यांना कप्तान म्हणत. भिंगरीनं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या शाईत प्रश्नच प्रश्न!

आई लाजून अर्धी झाली. "अगं, वही दिली होती ना!"

"वही हरवते, आई. हात अजून हरवला नाही."

कप्तानांनीही बाही वर केली. तिथे लिहिलेलं: 'दोरखंड तपासणे. धाकटीला फोन. चष्मा डोक्यावरच आहे.'

"तुम्हालाही?" भिंगरी.

"जन्मापासून. विचार तू."

"रडू आलं तर?"

"रडायचं. शेजारी कुणीतरी बसेल, उपदेश न करता."

"मधेच उठून गेले तर?"

"एक जण मागून येईल. सोबतीला, पकडायला नाही."

"घरी जावंसं वाटलं तर?"

"मला सांग. फोन तुझ्या हातात देईन."

भिंगरीनं कोपर वळवलं. शेवटचा प्रश्न तिथे दडला होता. "आणि आईनंच दिवसातून दहा वेळा फोन केला तर?"

"त्यावर माझ्याकडे उपाय नाही," कप्तान म्हणाल्या. "ते तिलाच विचार."

आईनं तोंड उघडलं. दहा कुठले, फार तर सहा, असं म्हणणार होती. पण लेकीचे डोळे बघितले. गेल्या वर्षीचा तो गप्प आठवडा आठवला. तिनं लेकीच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनगटावर लिहिलं, 'फोन ती करेल.'

भिंगरीनं वाचलं. "पक्कं?"

"ओढून बघ."

भिंगरीनं खरंच बोटानं शाई घासून बघितली. पुसली नाही.

"ठरलं. इथेच येणार मी," ती म्हणाली आणि तंबूंकडे सुसाट सुटली. तिची चप्पल मागेच राहिली. आईनं हाक मारायला तोंड उघडलं, मनगटाकडे बघितलं, आणि गुपचूप चप्पल उचलली.