चांगुणाच्या पापण्या

मी एक जुने, हाताने रंगवलेले बुद्धाचे चित्र आहे. कुरुंद्याच्या विहारामागे एक अंधारी खोली आहे. तिथे फाटक्या सतरंज्यांच्या गठ्ठ्यामागे, भिंतीकडे तोंड करून मला उभे केले आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायला दुसरे कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

सन १९७० मध्ये भिवाजीने मला रंगवले. वसमतच्या दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. आमच्या बौद्धवाड्यात तोवर बुद्धाचे एकही चित्र नव्हते. भिवाजीने मांजरपाटाला खळ लावली, चौकटीवर ताणला आणि कामाला बसला. सगळे जमले, डोळे काही जमेनात. दोनदा काढले, दोनदा पुसले. त्याची एकुलती लेक चांगुणा, चार वर्षांची, शेजारीच गोधडीवर झोपली होती. तिच्याकडे पाहत त्याने तिच्या मिटलेल्या पापण्या माझ्या चेहऱ्यावर उतरवल्या.

पुढे अंगावरचे चीवर रंगवताना पिवळा रंग संपला. भिवाजीला दम कुठला! त्याने घरची हळद जवसाच्या तेलात खलली आणि फासली. हळदीचा रंग उन्हात उडतो हे कुरुंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण आमच्या चित्रकाराला आठवले नाही. वर्षभरात माझे चीवर फिके पडले. मग दर बुद्धपौर्णिमेला त्याची बायको रुक्माबाई नवी हळद खलून लावू लागली. माझ्यावर दरवर्षी माणसाचा हात फिरायचा, तो त्या चुकीमुळे.

वाड्यात लग्न असो, नामकरण असो, कुणा गेलेल्याचे पुण्यानुमोदन असो, मला नेल्याशिवाय वंदना होत नसे. एकाच दिवशी दोन लग्ने निघाली, तर एक सकाळी लागे आणि दुसरे संध्याकाळी, कारण मी एकच होते. माझ्यासाठी वऱ्हाड खोळंबायचे. मला याचा गर्व होता, खोटे कशाला सांगू?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रुक्माबाई आणि भिवाजी खडी फोडायला जात. त्या उन्हाळ्यात चांगुणा हगवणीने गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिचे जगात जे काही उरले, ते माझ्या चेहऱ्यावर होते. त्यानंतर हळद लावून झाली की रुक्माबाई माझ्या डोळ्यांवरून बोट फिरवायची आणि हळूच विचारायची, "निजलीस का गं माय?" त्या वेळी मी बुद्धाचे चित्र आहे की तिची लेक, हे माझे मलाच कळत नसे.

दोन वर्षांनी भिवाजीही गेला. आणि एके दिवशी वसमतचा फोटोवाला मोहनसिंग एका लग्नात आला. त्याने मला पाहिले आणि रुक्माबाईला गाठले.

"काकू, याचा फोटू काढू द्या. मोठ्या छापखान्यातून रंगीत छापून आणतो. एकाचे हजार होतील."

"हजार?" रुक्माबाईने विचारले. "म्हंजी माझी चांगुणा हजार घरांत ऱ्हाईल?"

"बराबर, काकू."

तिने स्वतः मला उचलून अंगणात उजेडाला धरले. तीन महिने ती गठ्ठ्याची वाट पाहत होती. गठ्ठा आला, तिने घाईने दोरी सोडली. चीवर झगझगीत भगवे, ओठ गुलाबी, रंग गोरा. आणि डोळे टक्क उघडे.

"छापखानावाल्यानं केलं, काकू," मोहनसिंग मान खाली घालून म्हणाला. "मिटल्या डोळ्याचं चित्र खपत न्हाई म्हणतात."

"पर ही तर जागीच हाय," रुक्माबाई म्हणाली. "ही माझी लेक न्हाई."

चित्रे मात्र हातोहात गेली. घरोघरी बुद्ध आला. गरिबाच्या भिंतीवर बुद्ध आला, याचे वाईट कसे वाटून घेऊ? पण आता माझ्यासाठी कुणी खोळंबेना. एका लग्नात नवरीची धाकटी बहीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्ये चुकलंय. खरं आमच्या घरी हाय." मोठी माणसे हसली. तिला चूक कुणी म्हटले नाही. मित्रांनो, ज्याच्यावरून सगळे निघाले तेच खोटे ठरले! मी कुणापुढे रडू?

अठ्ठ्याहत्तरला पक्का विहार झाला. तिथे लावायचे म्हणून मला रुक्माबाईच्या घरून आणले, पण काचेत बसवून लावले ते छापील चित्र, आणि मी या खोलीत आले. त्याच सुमारास मोतीबिंदूने रुक्माबाईची नजर गेली.

परवा नव्या विहारातली पहिली बुद्धपौर्णिमा झाली. चाचपडत, हळदीची वाटी घेऊन ती विहारात आली. भिंतीपलीकडून मी सारे ऐकत होते.

"ग्यानोबा, चित्र आपलंच हाय नव्हं? डोळे मिटल्यालं?"

ग्यानोबा विहाराची देखभाल करतो. तो वाईट माणूस नाही. तिला दुखवणे त्याच्याने झाले नाही.

"व्हय काकू, तेच हाय. वरून काच बसवली, आता हळद लागत न्हाई."

"बरं केलंस बाबा." तिने काचेवर हात ठेवला असावा. मग तिचा आवाज आला, "नीज, चांगुणे. नीज माय."

मी इथे आहे, इथे आहे, असे मी ओरडले असते, पण भिवाजीने मला आवाज दिला नव्हता. काठी टेकत ती समाधानाने घरी गेली. आता ती मला कधीच शोधणार नाही.

मित्रांनो, छापील चित्रे खुशाल लावा. पण ज्याच्यावरून ती छापली, ते कुठे पडले आहे एवढे विचारत जा. वाळवी माझ्या हनुवटीपर्यंत आली आहे. भिवाजीने पापण्यांवर रंगाचा जाड थर दिला होता. तो अजून शाबूत आहे, आंधळ्या बोटालाही लागतो. रुक्माबाईचे घर इथून चार घरांवर आहे. कुणीतरी मला आजच तिच्याकडे न्या.